खाणीत भेगा मोजल्या, पण भूजल मॉडेलमध्ये पाझर अवाच्या सवा येतोय

तुमचा प्रश्न असा: मोहोळजवळचं छोटं पाणलोट क्षेत्र, दगडखाणीच्या उभ्या कातळावर टेप लावून भेगा मोजल्या, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फट १ मिलिमीटर भरली, दोन भेगांमधलं अंतर सरासरी अर्धा मीटर, आणि गणितातून पाझरक्षमता (खडक पाणी किती सहज वाहू देतो त्याचं माप) आली दिवसाला १४० मीटर. आकडेमोड बरोबर आहे. घोळ त्या १ मिलिमीटरमध्ये आहे.

फटीतून वाहणारं पाणी रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतं. साध्या पाण्याला १ मिमी फटीची वहनक्षमता (पाझरक्षमता गुणिले जाडी) दिवसाला सुमारे ७० चौरस मीटर, तर अर्धा मिमी फटीची जेमतेम ९. खाणीत कातळावरचा दाब सुटलेला असतो, फटीतली माती पावसाने धुऊन गेलेली असते. तीच भेग ३० मीटर खाली आवळलेली आणि बऱ्याचदा कॅल्साइट, झिओलाइट यांसारख्या खनिजांनी किंवा चिकणमातीने बुजलेली असते. म्हणून रुंदी कातळावर मोजूच नका. ती उपसा चाचणीतून (पंपाने पाणी उपसत पातळी मोजून) उलटी काढा: चाचणीत वहनक्षमता दिवसाला २० चौरस मीटर आली आणि पाणी एकाच भेगेतून येत असेल, तर फट ०.६६ मिमी; दहा भेगांत वाटून येत असेल, तर प्रत्येकी ०.३ मिमी.

कातळावरून घ्यायचं ते दिशा, अंतर, लांबी आणि भरण (फटीत काय भरलंय ते). त्यातही सुरुंगाचे तडे आधी वगळा. ते सुरुंगाच्या भोकापासून चांदणीसारखे फुटलेले असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर गंजाचा पिवळा-तांबडा डाग नसतो. उभ्या बोअरला उभ्या भेगा क्वचितच भेटतात, त्यामुळे प्रत्येक भेगेला टर्झाघी सुधारणा (कमी भेटणाऱ्या भेगांना जास्त वजन देणं) लावा: भेग आणि मोजरेषा (ज्या रेषेवर भेगा मोजल्या ती) यांच्यातल्या कोनाच्या साइनने १ ला भागायचं, ते त्या भेगेचं वजन. ३० अंशाला वजन २ येतं, १० अंशाला पावणेसहाच्या आसपास. १५ अंशांखालच्या वजनावर विसंबू नका, त्यापेक्षा आडवी मोजरेषा घ्या. टेपच्या बाहेर जाणाऱ्या लांब भेगांमुळे लांबीची सरासरी कमी येते. त्यावर सोपा उपाय म्हणजे कातळावर खडूने वर्तुळ काढणं. वर्तुळाची रेघ जितक्या ठिकाणी भेगांनी छेदली ती संख्या भागिले चार त्रिज्या, ही दर चौरस मीटरमागे भेगांची लांबी. २ मीटर त्रिज्या आणि २४ छेद असतील तर ३ मीटर.

खाणीपेक्षा सोलापूरकडच्या उघड्या विहिरी मला जास्त मोलाच्या वाटतात. काठावरून टेप सोडला की मुरूम, त्याखालचा तडकलेला थर, मांजऱ्या (बुडबुड्यांच्या छिद्रांचा बेसाल्ट), काळा पाषाण, मध्येच लाल बोल (दोन लाव्हा थरांमधला लाल मातकट पट्टा), सगळं ओळीने दिसतं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की ओल कुठून झिरपते ते बघा. बहुधा मांजऱ्याच्या तळाशी किंवा दोन लाव्हा प्रवाहांच्या सांध्यावरची एखादीच आडवी भेग झरत असते, वरच्या दहा कोरड्याच. त्या झऱ्याची खोली लिहून ठेवा, मॉडेलचा थर तिथे फोडायचा आहे. बोअरवाल्याचं 'दीड इंच पाणी' तेवढंच कामाचं, फक्त ते कितव्या फुटाला वाढलं हे विचारा.

विहिरीवर चाचणी घेताना साठ्याचा हिशेब चुकतो. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत पातळी १ मीटर उतरली म्हणजे २८ हजार लिटर. सेकंदाला ५ लिटरचा उपसा असेल तर दीड तासाचं पाणी निव्वळ साठ्यातलंच. तेवढ्यावर थाइस वक्र (विहिरीतला साठा न धरणारी नेहमीची पद्धत) बसवला तर उत्तर खडकाचं नाही, विहिरीचं येतं. विहिरीतला साठा धरणारे पापाडोपुलोस–कूपरचे वक्र वापरा, आणि पंप बंद केल्यावर पातळी चढताना न चुकता मोजा.

एवढ्या छोट्या क्षेत्रासाठी भेगांचं स्वतंत्र जाळं उभं करण्याची गरज नाही. थरांचं समतुल्य मॉडेल घ्या, म्हणजे भेगांसकट प्रत्येक थर एकसंध सच्छिद्र धरा. आडवा पाझर चाचणीतून आलेल्या वहनक्षमतेवरून ठरवा, आणि उभा त्यापेक्षा कमी ठेवून जुळवा. लाल बोल सलग चिकट असेल तर तिथे उभा पाझर आणखी घटवा, तडकलेला असेल तर नाही. विशिष्ट उत्पादनाची (पातळी उतरल्यावर खडकातून निथळणाऱ्या पाण्याच्या टक्केवारीची) सुरुवात २ टक्क्यांपासून करा, तडकलेल्या बेसाल्टला १ ते ३ हीच मर्यादा रूढ आहे.

एक गोष्ट मात्र सोडू नका. पाणी त्या झरत्या भेगेखाली गेलं की वहनक्षमता हळूहळू नाही, एकदम कोसळते. ऑक्टोबरची चाचणी मेमध्ये लागू पडत नाही. दोन्ही महिन्यांत चाचणी घ्या आणि वरचा थर पातळीनुसार कोरडा पडू शकेल असा ठेवा, नाहीतर विहिरी आटल्यावरही मॉडेल पाणी दाखवत राहील.