काडी बोटांत फिरवून पाहा, मग कार्पेटवाल्याला दोष द्या

"जूनमध्ये मेक्सिकन लॉनचं कार्पेट (मातीसकट तयार मिळणारे गवताचे तुकडे) टाकलं, आता मधूनच उंच, चकचकीत पाती वर येतात, कापली तरी दोन दिवसांत पुन्हा डोकं काढतात. कार्पेटवाल्याने फसवलं का?" हा तुमचा प्रश्न २०१६ साली मीच कुणाला तरी विचारला होता, जवळपास याच शब्दांत. म्हणून जरा लांबलचक लिहितेय.

आधी एक करा. त्या उंच रोपाची काडी चिमटीत धरून फिरवा. तीन कडा लागल्या तर तो लव्हाळा, म्हणजे गवतासारखं दिसणारं तण. गवताची काडी गोल किंवा चपटी असते, त्रिकोणी नसते. खणून गाठ सापडली तर चुरून वास घ्या, दिवाळीच्या उटण्यातल्या नागरमोथ्याची आठवण येईल. दोघं एकाच घराण्यातले.

आमच्याकडे तो कार्पेटमधून आलाच नव्हता. नाशिकला घराभोवती ९०० चौरस फूट जागा, काळी जमीन, पाणी साचायचं. म्हणून मी हौसेने दोन ट्रॉली पोयटा मागवला. माती मऊ, भुसभुशीत, बघूनच जीव हरखला. कुठल्या शेताच्या बांधावरून उचलली हे विचारलं नाही. माती पसरली आणि तिसऱ्या दिवशी वर कार्पेट. लव्हाळ्याच्या गाठी आधीच आत झोपलेल्या होत्या, मी त्यांना फक्त पाणी घातलं.

पण खरी घोडचूक ती नव्हे. पाती दिसल्यावर मी खुरपं घेऊन बसले आणि महिनाभर रोज सकाळी उपटत राहिले. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या ओवलेल्या असतात. वरची गाठ तुटली की तिच्यामुळे दबून राहिलेल्या खालच्या गाठी जाग्या होतात. दसऱ्यापर्यंत एकाचे दहा झाले. शेजारच्या काकू रोज म्हणायच्या, "किती मेहनत घेतेस गं!" मेहनत कसली, मी पेरणी करत होते.

मग शेतीसंबंधी एका कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी सातबारा मागितला. अंगणाचा कुठून देणार? "लॉन हे पीक नाही, आमच्याकडे शिफारस नाही." तीन चकरा झाल्यावर एकाने टू-फोर-डी हे तणनाशक मारा म्हणून चिठ्ठीवर लिहून दिलं. मारलं. शेंडे पिवळे पडले आणि पंधरा दिवसांत सगळं पुन्हा हिरवंगार. गाठींना धक्काही लागला नव्हता. यात गेलेला अख्खा हंगाम मला कार्पेटच्या पैशांपेक्षा जास्त लागला. असो.

शेवटी उपयोग झाला तो हॅलोसल्फ्युरॉन या तणनाशकाचा. उसातल्या लव्हाळ्यासाठी शेतकरी तेच वापरतात. (मी कृषी पदवीधर नाही. लेबलवर तुमच्या लॉनचं नाव नसेल, त्यामुळे आधी एका कोपऱ्यात मारून बघा, मात्रा लेबलपेक्षा वाढवू नका, मुलं-कुत्री दूर ठेवा.) माझ्या हरळीला आणि मेक्सिकनला काही झालं नाही. लव्हाळा हिरवागार, चार-पाच पानांवर असताना मारायचं आणि आधी दोन-तीन दिवस कापणी बंद. दोन-तीन आठवडे काहीच दिसत नाही, तेव्हा धीर सोडून उपटायला बसू नका. मला तीन वेळा मारावं लागलं, दोन पावसाळे गेले.

नवीन लॉन करणाऱ्यांनी तर माती टाकून नुसतं पाणी द्यावं आणि महिनाभर थांबावं. जे उगवेल ते मारा, पुन्हा पाणी द्या, पुन्हा थांबा. कार्पेटवाला घाई करेल, करू दे.

आता माझं वैयक्तिक मत, पटलं नाही तर सोडून द्या. भरपूर ऊन असेल तर मेक्सिकनचा हट्ट कशाला? ती दिसते गालिचासारखी, पण वाढते सावकाश, म्हणून लव्हाळा तिच्यात लगेच उठून दिसतो आणि मोकळी जागा भरून यायला वेळ लागतो. नर्सरीत 'सिलेक्शन वन' म्हणून मिळते ती बारीक पानांची हरळीच, आणि बर्म्युडा म्हणजेही आपली हरळी. निफाडला मामा द्राक्षबागेतून ती काढून काढून थकला. मी पैसे देऊन लावली म्हटल्यावर दोन दिवस हसत होता. मात्र सावलीत हरळी विरळ होते. आमच्या आंब्याखाली तीही गेली आणि मेक्सिकनही, तिथे आता फरशी आहे. आणि हो, कुणी 'टिफवे ४१९' (बर्म्युडाची एक संकरित जात) चं बी म्हणून पाकीट देत असेल तर घेऊ नका. तो संकर वांझ आहे, त्याला बी धरत नाही, काड्या किंवा कार्पेटच लावावं लागतं.

औषध मारलं तर यंदा गणपतीच्या दूर्वा त्या लॉनमधून खुडू नका. आमच्या आईने खुडल्या होत्या, ऐन आरतीच्या आधी बाजारात पळावं लागलं.

काडी त्रिकोणी निघाली का ते इथेच कळवा. आणि जून महिन्यात कार्पेटखाली माती कुठली टाकली होती, तेही.