फुलं भरपूर, फळ नाही : उन्हाळ्यातल्या टोमॅटो-मिरचीचे प्रश्न

मोगऱ्याची आणि गुलाबाची पत्रं या वेळी बाजूला ठेवली आहेत. मे महिना आहे, आणि नाशिकच्या निम्म्या गच्च्यांवर टोमॅटो-मिरचीची रोपं माना टाकून उभी आहेत, असं तुमच्या पत्रांवरून दिसतं. तेव्हा आज तेवढंच.

प्रश्न : पाथर्डी फाट्याजवळ आमचं घर आहे. गच्चीवर काळ्या ग्रो बॅगमध्ये टोमॅटो लावले आहेत. होळीपर्यंत टोपली भरून निघत होते. आता फुलं भरपूर येतात, पण दोन-तीन दिवसांत पिवळी पडून गळतात. शेजारच्या काकांच्या सांगण्यावरून युरिया दिला. रोप हिरवंगार झालं, फळ मात्र एकही नाही. एखादं औषध सुचवाल का?

उत्तर : औषध सुचवत नाही, कारण रोगच नाही. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागावर फळ धरतं, आणि दिवसा पारा 35 अंशांच्या वर राहू लागला की तो पराग निकामी होतो. आपण दुपारच्या उन्हाच्या नावानं बोटं मोडतो, पण टोमॅटोचं घोडं बऱ्याचदा रात्री अडतं. रात्री 21-22 अंशांच्या खाली उतरलं नाही, तरी फळ धरत नाही. त्यातून तुमची बाग गच्चीवर. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतो. बातम्यांत सांगतात ते किमान तापमान तुमच्या रोपाच्या वाट्याला येतच नाही.

उद्या सकाळी एक फूल नीट बघा. देठावर, फुलाच्या थोडं मागे, किंचित फुगीर गाठ असते. फळ धरलं असेल तर पाकळ्या वाळतात, पण देठ गाठीच्या पुढेही हिरवाच राहतो आणि पाकळ्यांच्या आत टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा मणी दिसतो. धरलं नसेल तर गाठीपासून पुढचा देठ पिवळा पडतो आणि नुसतं बोट लावलं तरी बरोबर तिथूनच तुटतो. रोपानं स्वतःहून ठरवून टाकलेलं ते फूल असतं. त्यावर फवारायला बाजारात संजीवकं, म्हणजे फळ धरायला लावणारी रसायनं, मिळतात. घरच्या आठ-दहा रोपांसाठी त्या भानगडीत पडू नका. सकाळी फुलांना टिचकी मारून पराग पाडायची युक्ती चांगलीच आहे, पण ती फेब्रुवारीतली. निकामी पराग कितीही झटकला तरी फळ कुठून धरणार?

काकांचा मान राखून सांगते, युरिया बंद. नत्र जास्त झालं की रोप पानांच्या मागे लागतं, आणि एवढी पानं पोसायला मग पाणीही जास्त लागतं. एकदा बॅगेच्या तळातून चांगलं वाहेपर्यंत पाणी द्या, म्हणजे जास्तीचं धुऊन जाईल. त्यानंतर पाऊस येईपर्यंत मूठभर गांडूळखताशिवाय काहीही नको.

सध्या फळाचा नाद सोडा आणि मुळं थंड ठेवा. काळी बॅग उन्हात हात लावून बघा, चटका बसतो. आतल्या बाजूला चिकटलेली पांढरी मुळं तिथंच शिजतात. बॅग स्लॅबवर टेकवू नका, खाली विटा घालून हवा खेळू द्या. बाहेरून पांढरं पोतं गुंडाळा. मातीवर तीन-चार बोटं जाडीचं पाचट, सुका पाला किंवा नारळाच्या शेंड्या पसरा, फक्त खोडाला चिकटवू नका. वर हिरवी जाळी बांधा, निम्मं ऊन अडवणारी. शेतीसामानाच्या दुकानात मीटरवर मिळते. पण ती रोपाच्या डोक्यावर अंथरू नका. हात-दोन हात उंच बांधा आणि पश्चिमेची बाजू आधी झाका, कारण खरं भाजतं ते दुपारी दोननंतरचं ऊन. सकाळचं ऊन लागू द्या. जाळी नसेल तर फिकट रंगाची जुनी सुती साडी चालेल. यात कमीपणा काही नाही. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा भागात डाळिंबाच्या बागाच्या बागा साड्यांनी झाकलेल्या दिसतात.

आता ठेवायची कुठली आणि काढायची कुठली. वेलासारखं उंच वाढणारं वाण असेल तर रोप जगवा. जूनच्या मध्याला हवा उतरली की शेंडा थोडा छाटा, नवी फूट येईल आणि तीच फळ धरेल. आत्ता छाटू नका, उघडं पडलेलं खोड भाजतं. बुटकं, झुडपासारखं वाण असेल तर त्याचा बहर होऊन गेला. त्याला पाणी घालत बसण्यापेक्षा उपटा, आणि मेअखेरीला सावलीत नवं बी टाका. गिरणाऱ्याकडचे शेतकरीही साधारण तेव्हाच रोपांच्या तयारीला लागतात. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोची गर्दी पावसाळा सरता सरता होते, ती उगाच नाही. पुढच्या वर्षी उन्हाळ्यातही फळ हवं असेल तर बी डिसेंबरात टाका आणि रोपं जानेवारीत लावा, म्हणजे मार्चच्या आत फळं धरून होतील. धरलेलं फळ उन्हातही वाढतं. अडचण असते ती धरण्याची.

प्रश्न : मिरचीवर बोकड्या आला आहे. पानं चुरगळून गेली. हळद घातलेलं ताक फवारलं, निंबोळी तेल फवारलं, उपयोग नाही. माझे मामा द्राक्षबागायतदार आहेत, ते म्हणतात गंधक मार. मारू का? (जेल रोड, नाशिकरोड)

उत्तर : थांबा. बोकड्या, चुरडा-मुरडा ही सगळी नावं पान कसं दिसतं त्यावरून पडली आहेत, करणारे मात्र तिघं वेगळे. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. कडा खाली वळल्या असतील, देठ लांबले असतील आणि पानाची मागची बाजू तांबूस, चकचकीत दिसत असेल तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानातला रस शोषणारी अगदी बारीक कीड). आणि शेंड्याची पानं एकदम बारीक, फिकट, गुच्छासारखी झाली असतील आणि झाडाची वाढच खुंटली असेल, तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू.

फुलकिड्यांची खात्री करायला मिरचीचा शेंडा पांढऱ्या कागदावर दोनदा झटका आणि थोडं थांबा. आधी नुसती धूळ दिसते. मग त्या धुळीतल्या काही पिवळट रेघा चालायला लागतात. तेच ते. कोळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी भिंग लागेल.

फुलकिड्यांना कोरडी, तापलेली हवा मानवते. म्हणून पहिला उपाय फुकटचा : सकाळी पाण्याची जोरदार धार पानांच्या मागच्या बाजूनं मारायची, एक दिवसाआड. निंबोळी तेल लिटरला 5 मिली, त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब, आणि तेही ऊन उतरल्यावर. तुमचा उपयोग का झाला नाही, ते पत्रातच आहे. ‘दुपारी सवड मिळते तेव्हा फवारते’, असं तुम्ही लिहिलंय. दुपारच्या उन्हात तेलानं पान भाजतं, आणि वरच्या वर फवारलं तर किडे मागे सुखात असतात. हळदीच्या ताकाबद्दल बोलत नाही. ताक प्या.

मामांचा गंधक कोळ्यावर चालतो, त्यात ते चुकत नाहीत. पण पारा 32-35 च्या पुढे असताना गंधक मिरचीची पानं जाळतो, म्हणून मेमध्ये नको. आणि मामांकडून कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून आणलेलं दुसरं कुठलंही औषध स्वयंपाकाच्या कुंडीवर मारायचं नाही. नाशिकमध्ये प्रत्येकाचा एक मामा द्राक्षवाला असतो, म्हणून मुद्दाम लिहिते. बाटलीवर नाव नसतं, प्रमाण नसतं, काढणीआधी किती दिवस थांबायचं ते नसतं.

विषाणू असेल तर झाड वाचत नाही. सकाळी लवकर, माशी सुस्त असताना, त्यावर पिशवी घाला, पिशवीसकट उपटा आणि तोंड बांधून टाकून द्या. जीव तुटतो, कळतं मला. पण त्या एका झाडापायी शेजारचा टोमॅटोही जाईल.

प्रश्न : टोमॅटोच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो. कॅल्शियम कमी म्हणून अंड्याची टरफलं घातली, एप्सम सॉल्टही दिलं. (सिडको)

उत्तर : मातीत कॅल्शियम बहुतेक असतंच. ते पाण्याबरोबर चढतं, आणि पाण्याची ओढाताण झाली की फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. एक दिवस कुंडी कोरडी ठाक, दुसऱ्या दिवशी बादलीभर पाणी, असं झालं की डाग पडलाच. टरफलं कुजायला महिनोन्‌महिने लागतात, या बहराला त्यांचा उपयोग नाही. एप्सम सॉल्ट तर ताबडतोब थांबवा. त्यात मॅग्नेशियम असतं आणि ते कॅल्शियमच्याच वाटेत आडवं येतं. डाग पडलेली फळं तोडून टाका, झाडाची ताकद वाचेल. पाणी रोज ठरल्या वेळी, सकाळी. संध्याकाळी बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तर पुन्हा थोडं. आणि कुंडी लहान असेल तर काहीही केलं तरी हेच होणार. टोमॅटोला पंधरा इंची कुंडी हवी, रंगाच्या छोट्या डब्यात भागत नाही.

प्रश्न : गंगापूर रोडला फ्लॅट आहे, बाल्कनी दक्षिणेला. हिवाळ्यात भरपूर ऊन यायचं आणि मिरची छान होती. आता बाहेर आग ओकतेय, पण कुंडीवर ऊनच येत नाही. असं कसं?

उत्तर : हा प्रश्न मला फार आवडला. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे खाली झुकलेला असतो, म्हणून ऊन तिरपं होऊन बाल्कनीत थेट आतपर्यंत येतं. नाशिक साधारण 20 अक्षांशावर आहे. 20 मेच्या सुमाराला भर दुपारी सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यानंतर जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत तो दुपारी चक्क उत्तरेकडे असतो. मग वरच्या मजल्याचा स्लॅब तुमच्या दक्षिण बाल्कनीला छत्री धरणारच. उलट एरवी सावलीत असणाऱ्या उत्तरेच्या खिडकीत या दिवसांत सकाळ-संध्याकाळ ऊन येतं. मिरचीची कुंडी तिकडे हलवा. थेट चार-पाच तास ऊन मिळालं तरी मिरची खूश असते, आणि दुपारची सावली तर तुम्हाला आयतीच मिळाली. गच्चीवाले त्यासाठी जाळ्या विकत घेताहेत.

प्रश्न : ढोबळी मिरची आत्ता लावली तर चालेल का? नर्सरीत रोपं छान दिसली. (इंदिरानगर)

उत्तर : नर्सरीत ती जाळीखाली असतात, म्हणून छान दिसतात. ढोबळी टोमॅटोपेक्षाही नाजूक. फूल गाळते, आणि चुकून फळ धरलंच तर उन्हाच्या बाजूला पांढरा, कागदासारखा चट्टा पडतो. साधी तिखट मिरची लावा, ज्वाला किंवा राहुरी विद्यापीठाची फुले ज्योती. ढोबळीचं बी ऑगस्टमध्ये टाका. ज्यांच्याकडे आधीच फळं लागली आहेत त्यांनी पानं विरळ करू नयेत, तीच फळांची सावली. फारच उघडं पडलेलं फळ असेल तर द्राक्षाच्या घडांना लावतात तसा वर्तमानपत्राचा कागद त्याला सैल गुंडाळा.

प्रश्न : टोमॅटो पिकतात पण लाल होत नाहीत, नारिंगीच राहतात. बी खराब होतं का? (सातपूर)

उत्तर : नाही. पारा 30 च्या वर गेला की लाल रंगद्रव्य तयार होणं मंदावतं, पिवळं मात्र चालू राहतं. फळाला नुसती लाली फुटली की तोडा आणि घरात, टोपलीत, सावलीला ठेवा. फ्रिजमध्ये नको. तीन-चार दिवसांत लाल होतील. लवकर तोडण्याचा आणखी एक फायदा : वळवाची सर अचानक आली की झाडावर पिकलेली फळं तडकतात.

प्रश्न : दुपारी रोपं पार लोळतात. दिवसातून तीनदा पाणी देतो. (पंचवटी)

उत्तर : दुपारी लोळून संध्याकाळी उभं राहिलं तर रोप तहानलेलं नाही, त्याची ती दुपार काढायची रीत आहे. सकाळीही लोळलेलंच असेल तर मग काळजी. तीनदा पाण्यानं मुळं कुजतात, आणि कुजलेल्या मुळांचं रोपही असंच लोळतं, म्हणून माणूस आणखी पाणी घालतो. एकदाच, सकाळी, भरपूर. आणि गच्चीवर पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी बादलीत सोडून द्या, उन्हात ते हात पोळेल इतकं तापलेलं असतं.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना फोटोत झाडाबरोबर पानाची मागची बाजू, कुंडीचा आकार आणि ती कुठल्या दिशेला आहे तेही दाखवा. नुसत्या फुलाचा फोटो पाहून मला काही सांगता येत नाही.