मोटारसायकलचा हेडलाइट घरी बदलून त्याचा झोत नीट बसवता येतो का?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. इंदूरला आल्यावर घेतलेल्या जुन्या मोटारसायकलचा डिपर, म्हणजे खाली पडणारा जवळचा झोत, बंद पडला आहे. अप्परवर, म्हणजे दूरच्या झोतावर, चालवली तर उजेड रस्त्याऐवजी झाडांवर जातो आणि समोरचे वाहनचालक चिडतात. शिवाय मेकॅनिकने मूळ बल्ब काढून एलईडी बसवण्याचा सल्ला दिला आहे. बल्ब बदलणे आणि झोत बसवणे ही दोन्ही कामे घरी होतात. मी ती अनेक वर्षे इंदूरच्याच लोकमान्यनगरमधल्या आमच्या घराच्या अंगणात करत आलो आहे. माझा आग्रह एवढाच आहे की बल्ब पेटला म्हणजे काम झाले असे समजू नका. झोत भिंतीवर मोजून घेतल्याशिवाय ते काम अर्धेच राहते, आणि राहिलेल्या अर्ध्याचा त्रास आपल्यापेक्षा समोरून येणाऱ्याला जास्त होतो.

हे मला ओंकारेश्वरहून परतताना कळले. मागे बाबा बसले होते, दोन पिशव्या कॅरियरला बांधलेल्या होत्या आणि भेरू घाट चढेपर्यंत अंधार पडला. माझा दिवा डिपरवरच होता, तरी समोरून येणारी जवळजवळ प्रत्येक गाडी अप्पर मारत होती. शेवटी बाबांनी विचारले, "अरे, हे सगळे आपल्यालाच का अप्पर मारताहेत?" सिमरोलजवळ थांबून मी पुढे जाऊन पाहिले, तेव्हा आमच्या दिव्याकडे क्षणभरही बघवेना. आठवड्यापूर्वीच एका गॅरेजमध्ये नवा डूम, म्हणजे काच आणि रिफ्लेक्टरसह हेडलाइटचा पुढचा भाग, बसवून घेतला होता. तो बसवताना झोत कोणीही तपासला नव्हता, आणि मीही तपासायला सांगितले नव्हते.

घरी आल्यावर दुसऱ्या संध्याकाळी भिंतीसमोर गाडी लावून मोजले. मी एकटा बसलो असताना उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा 4 सेंटीमीटर खाली होती, म्हणजे ठीक होती. बाबा मागे बसले आणि तीच कड दिव्याच्या मध्यापेक्षा 7 सेंटीमीटर वर गेली. मागचे शॉक ॲब्सॉर्बर दबले की गाडीचे नाक वर होते, हे सगळ्यांना माहीत असते. पण 5 मीटरवरच्या भिंतीवर एवढा फरक पडेल असे मला वाटले नव्हते. हा हिशेब पुढे नेला तर 50 मीटरवर ती कड दिव्याच्या उंचीपेक्षा 70 सेंटीमीटर वर असते, म्हणजे दिवा जमिनीपासून 85 सेंटीमीटरवर असेल तर दीड मीटरच्याही वर. समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराचे डोळे साधारण त्याच उंचीवर असतात.

आता तुमच्या बल्बकडे येऊ. फक्त डिपर गेला असेल आणि अप्पर चालत असेल, तर बहुतेक वेळा बल्बमधली एक फिलामेंट तुटलेली असते. बल्ब काढून उजेडासमोर धरला की तुटलेली तार दिसते. डिपर आधी जाण्याचे कारणही साधे आहे. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींना इंजिन सुरू असेपर्यंत हेडलाइट आपोआप चालू राहण्याची व्यवस्था सक्तीची झाली, त्यामुळे डिपरची फिलामेंट दिवसाउजेडीही जळत असते. दोन्ही दिवे एकदम गेले असतील तर मात्र बल्ब विकत आणण्याआधी फ्यूज, बल्बच्या मागचा कपलर (वायरी बल्बला जोडणारा प्लग) आणि अर्थची वायर पाहा. कपलरचे प्लास्टिक एखाद्या पिनेजवळ तपकिरी झालेले किंवा वितळलेले दिसले तर तिथे जोड सैल होऊन तापत आहे असे समजावे. अशा कपलरमध्ये नवा बल्ब लावला तरी तो मंदच जळेल. आधी कपलर बदलावा.

मल्टीमीटर असेल तर इंजिन सुरू ठेवून, बल्ब जोडलेला असतानाच, कपलरवरचा व्होल्टेज मोजा आणि तो बॅटरीच्या टोकांवरच्या व्होल्टेजशी ताडून पाहा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त तफावत असेल तर दोष वायरिंगमध्ये किंवा हँडलवरच्या स्विचमध्ये आहे. हे तपासणे वेळेचा अपव्यय नाही, कारण फिलामेंटच्या बल्बला मिळणारा व्होल्टेज 10 टक्क्यांनी घटला तर उजेड साधारण 30 टक्क्यांनी घटतो. अनेकांना दिवा कमजोर वाटतो, तेव्हा बल्ब चांगलाच असतो आणि गंजलेल्या जोडणीत वीज वाया जात असते. उलट, बल्ब वरचेवर उडत असतील आणि बॅटरीवर 15 व्होल्टच्या वर आकडा दिसत असेल, तर रेग्युलेटर-रेक्टिफायर (बॅटरीला मिळणारा व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) तपासून घ्या.

बल्ब घेताना जुना बल्ब सोबत घेऊन जा आणि त्याच्या धातूच्या बुडावर कोरलेली अक्षरे दुकानदाराला वाचून दाखवा. आपल्याकडच्या बऱ्याच साध्या मोटारसायकलींना 12 व्होल्टचा, 35/35 वॅटचा एचएस1 बल्ब लागतो, तर काही मोठ्या गाड्यांना 60/55 वॅटचा एच4 लागतो. दोन्ही दिसायला इतके सारखे असतात की दुकानात सहज अदलाबदल होते. 35 वॅटसाठी बनवलेल्या वायरिंगवर 55 किंवा 60 वॅटचा बल्ब लावला तर प्रवाह सुमारे 3 अँपिअरवरून 5 च्या आसपास जातो. कपलर तापतो, आतला रिफ्लेक्टर करपतो आणि बॅटरीवर अकारण भार पडतो. 100/90 वॅटच्या बल्बचा तर विचारही करू नये.

गाडी बंद करून दिवा थंड झाल्यावरच काम सुरू करावे. गोल हेडलाइटच्या गाड्यांमध्ये रिंगचा स्क्रू काढला की डूम पुढे निघतो. वायझर (हेडलाइटभोवतीचे प्लास्टिकचे आवरण) असलेल्या गाड्यांमध्ये आधी वायझरचे बोल्ट काढावे लागतात. डूम हातात येताच तो वायरींवर लोंबू देऊ नका. एका हाताने धरा किंवा टाकीवर जाड फडके टाकून त्यावर टेकवा. मागचा कपलर सरळ ओढून काढावा, वायरी धरून ओढू नये. त्याखालचे रबरी टोपण काढले की तारेची स्प्रिंग क्लिप दिसते. ती दाबून बाजूला सारली की बल्ब बाहेर येतो. नव्या बल्बच्या बुडाला तीन कान असतात आणि त्यांतला एक रुंद असतो. तो आपल्या खोबणीत बसला की बल्ब हलत नाही. तिरका बसलेला बल्ब पेटतो खरा, पण त्याचा झोत कोणत्याही स्क्रूने सरळ होत नाही, म्हणून क्लिप लावण्यापूर्वी बल्ब बोटाने हलवून खात्री करून घ्या. हे करताना बोट धातूच्या बुडावर असावे, काचेला हात लावू नये. हॅलोजन बल्बची काच क्वार्ट्झची असते आणि ती अतिशय तापते. बोटाचे तेल तिच्यावर राहिले तर त्या ठिकाणी डाग पडून बल्ब लवकर जातो. चुकून हात लागलाच तर स्वच्छ फडक्यावर स्पिरिट घेऊन पुसा आणि पूर्ण वाळू द्या. रबरी टोपण परत नीट बसवायला विसरू नका, कारण पहिल्या पावसातच आत धुके धरायला लागते.

डूमच्या आतली चकाकी पिवळी पडली असेल किंवा पोपडे निघाले असतील, तर बल्ब बदलून फायदा नाही. डूमच बदलावा लागेल. आतली धूळ फडक्याने पुसण्याचा मोह मात्र आवरा. तो ॲल्युमिनियमचा अत्यंत पातळ थर असतो आणि एका पुसण्यात निघून येतो.

आता भिंत. ही जागा सपाट असावी, कारण उतारावर मोजलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो. मी फरशीवर थोडे पाणी ओतून ते कुठे वाहते ते पाहतो. टायरमधली हवा गाडीवरच्या सूचनेप्रमाणे भरून घ्या. गाडी मेन स्टँडवर किंवा साइड स्टँडवर ठेवून मोजू नका. ती दोन्ही चाकांवर उभी, हँडल सरळ आणि तुम्ही नेहमी बसता तसे त्यावर बसलेले असले पाहिजे. भिंतीला गाडी अगदी जवळ नेऊन दिव्याच्या मध्याची उंची खडूने भिंतीवर आडवी आखा, त्या मध्यावर एक उभी रेघ काढा, मग दिव्यापासून भिंतीपर्यंत 5 मीटर भरतील इतकी गाडी सरळ मागे घ्या. आमच्याकडे धाकटा भाऊ भिंतीशी खडू घेऊन उभा राहतो आणि मी गाडीवर बसून सांगतो. एकट्याने हे काम करायला गेलो की प्रत्येक वेळी उतरताना शॉक ॲब्सॉर्बर सुटतो आणि आकडा बदलतो. इंजिन सुरू ठेवावे लागत असल्यामुळे हे उघड्यावरच करावे, बंद गॅरेजमध्ये कधीही करू नये.

डिपर लावा. झोताची वरची कड मध्याच्या रेघेपेक्षा 5 सेंटीमीटर खाली हवी, म्हणजे 100 सेंटीमीटरमागे 1 सेंटीमीटर उतार. दिवा 85 सेंटीमीटर उंचीवर असेल तर अशा झोताची कड 85 मीटरवर रस्त्याला भिडते. समोरच्याला त्रास नको म्हणून झोत खूपच खाली पाडणेही चूक आहे. 10 सेंटीमीटर खाली घेतला तर तोच उजेड 42 मीटरवर संपतो, आणि ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणाऱ्याला खड्डा दिसल्यापासून थांबेपर्यंत साधारण 45 ते 50 मीटर लागतात. डाव्या-उजव्या बाजूने झोताचा सर्वांत उजळ भाग उभ्या रेघेवर किंवा किंचित डावीकडे असावा, उजवीकडे तर नकोच.

बहुतेक गाड्यांत डूमच्या खाली किंवा मागे झोत वर-खाली करणारा स्क्रू असतो. काही गोल दिव्यांच्या गाड्यांत मात्र दोन्ही बाजूंचे बोल्ट किंचित सैल करून दिव्याची पूर्ण वाटीच हाताने पुढे-मागे करावी लागते. स्क्रू कोणत्या दिशेला फिरवल्यावर झोत खाली येतो हे गाडीगणिक बदलते, म्हणून अर्धा फेरा फिरवून भिंतीवर पाहा आणि मग ठरवा. बोल्ट आवळताना वाटी थोडी सरकते, तेव्हा आवळल्यानंतर पुन्हा एकदा मोजा.

एलईडीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: हॅलोजनसाठी बनलेल्या डूममध्ये एलईडी बल्ब टाकू नका. डूमचा रिफ्लेक्टर फिलामेंटची जागा डोळ्यांसमोर ठेवून घडवलेला असतो. एलईडीचे उजळ ठिपके तिथे नेमके नसतात, त्यामुळे झोताची कड विस्कटते आणि उजेड इतस्ततः फाकतो. स्वतःला रस्ता पांढराशुभ्र दिसतो म्हणून समाधान वाटते, पण समोरचा आंधळा होतो. शिवाय उत्पादकाच्या मूळ रचनेत असा बदल मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 च्या कक्षेत येऊ शकतो. मेकॅनिकने वाईट हेतूने सांगितले असेल असे मी म्हणत नाही. त्याने भिंतीवर मोजून दाखवले असते, तर मी त्याच्या सल्ल्याचा वेगळा विचार केला असता.

तुम्ही एकटेच जास्त फिरत असाल तर एकट्याच्या वजनावर झोत लावा. कधी मागे कोणी बसणार असेल आणि रात्री खंडवा रोडने जायचे असेल, तर स्क्रूला हात लावण्याऐवजी मागच्या शॉक ॲब्सॉर्बरचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, दोन खाचा वाढवा. बऱ्याच गाड्यांच्या किटमध्ये त्याचा हुकसारखा पाना मिळतो. नंतर त्याच भिंतीसमोर मागच्या माणसाला बसवून कड रेघेखाली आहे का ते पाहा. माझ्या गाडीला बाबा मागे असताना तिसरी खाच लागते, आणि ती खडूची रेघ मी अजून भिंतीवरून पुसलेली नाही.