कॅमेरा बंद, वर्ग शांत: सक्ती करावी का?

तुम्ही लिहिलंय की पदवीच्या लाइव्ह ऑनलाइन वर्गात पडद्यावर नुसती नावं दिसतात, "समजलं का?" म्हटलं की चिडीचूप, आणि आता विभागात कॅमेऱ्याची सक्ती करायचं घाटतंय. माझं मत आधीच सांगते: सक्ती नको.

शिक्षकाची तगमग मला कळते. समोरच्याच्या कपाळावरची आठी पाहून आपण उदाहरण बदलतो, मागे जातो. ती आठीच दिसेना, तर शिकवणं आंधळं होतं. पण मुलांचंही ऐका. कॉर्नेल विद्यापीठात २०२० मध्ये ऑनलाइन वर्गातल्या विद्यार्थ्यांना कॅमेरा बंद ठेवण्याची कारणं विचारली होती. ४१ टक्क्यांनी आपण कसे दिसतोय याचा संकोच सांगितला. मागे दिसणारी खोली आणि माणसं, कमकुवत इंटरनेट, हीसुद्धा बऱ्याच जणांची कारणं होती. यातल्या कुठल्याच कारणाचा अर्थ 'विषयात रस नाही' असा होत नाही.

आता शांततेबद्दल. समोरासमोरच्या बोलण्यात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी २०० मिलिसेकंद लागतात. १० भाषांच्या २००९ च्या अभ्यासात हे दिसलं. ऑनलाइन वर्गात आवाज पोचायलाच उशीर, त्यात म्यूट काढायचं, दुसरं कुणी बोलतंय का याचा अंदाज घ्यायचा. तोवर आपण अस्वस्थ होऊन स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतो. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात साध्या वर्गांतच दाखवलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारीही बोलतात. ऑनलाइन तर मनात दहा अंक मोजा. फार लांब वाटतं, पण मोजा.

दुसरं, रेकॉर्डिंग. चुकलेलं उत्तर कायमचं साठवलं जाणार असेल तर कोण तोंड उघडेल? शंकांच्या वेळी ते बंद करा आणि बंद केल्याचं सांगा.

"समजलं का?" हा प्रश्न मी सोडूनच दिला. त्याऐवजी एक नेमका प्रश्न टाकते. उदाहरणार्थ, साइन एक्स-वर्गाचं डेरिव्हेटिव्ह काय? सगळ्यांनी चॅटमध्ये लिहायचं, पण मी "पाठवा" म्हणेपर्यंत एंटर दाबायचं नाही. मग सगळी उत्तरं एकदम येतात, कुणाला दुसऱ्याचं बघून लिहिता येत नाही. बरेच जण नुसतं कॉस एक्स-वर्ग लिहितात, दोन एक्सने गुणायचं राहून जातं. चेन रूल (एका फंक्शनच्या आत दुसरं फंक्शन असेल तेव्हाचा डेरिव्हेटिव्हचा नियम) कुठे अडलाय ते मला लगेच दिसतं. साठ चेहरे बघूनही इतकं नेमकं कळलं नसतं. आणि मजकुराला डेटा नगण्य लागतो, त्यामुळे रेंज अधूनमधून जाणारी मुलंही यात असतात.

तोंडी परीक्षेला किंवा चार-पाच जणांच्या चर्चेत कॅमेरा मागणं रास्त आहे, फक्त आदल्या दिवशी कळवा.

बैठकीत सक्तीला नुसता विरोध करू नका, पर्याय ठेवा: हजेरी कॅमेऱ्यावर नको, तासातल्या अशा दोन-तीन उत्तरांवर धरा. बरोबर-चूक बघायचं नाही, लिहिलं की हजर. आणि मध्येच ज्याचं नेट गेलं, त्याला रेकॉर्डिंग पाहून तीच उत्तरं रात्रीपर्यंत पाठवायची मुभा द्या.