वर्गाबाहेर उभे केलेले मूल

प्रश्न : मी सातपूर परिसरातील एका शाळेत पाचवीला शिकवते. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गातला एक मुलगा फार बदलला आहे. मराठीच्या तासाला मुले ओळीने उभी राहून धडा वाचत असतात, तेव्हा तो शेजाऱ्याची कंपासपेटी खाली ढकलतो, पुढच्याच्या पाठीत पेन्सिल टोचतो. मी त्याला वर्गाबाहेर उभे करते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मुख्याध्यापक वडिलांना बोलवा म्हणतात. वडील कंपनीत पाळीवर जातात आणि तक्रार कानी गेली की त्याला मारतात, असे मुलेच सांगतात. मी काय करावे?
– एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : वडिलांना बोलावण्यापूर्वी तुम्ही थांबलात, हे फार योग्य केलेत. तुमच्या पत्रातला एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. हे सारे प्रकट वाचन चालू असताना, म्हणजे त्याची पाळी जवळ येत असताना घडते. वर्गाबाहेर उभे राहणे ही आपल्या लेखी शिक्षा असली, तरी त्याच्या लेखी ती सुटका असू शकते. सगळ्या वर्गासमोर अडखळत वाचण्यापेक्षा व्हरांड्यात उभे राहणे त्याला सोपे वाटत असेल, आणि तिथे पोहोचण्याची वाट आपणच त्याला रोज मोकळी करून देत आहोत. शिक्षणहक्क कायद्याच्या (2009) कलम 17 नुसार शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही निषिद्ध आहे, आणि रोज सर्वांदेखत बाहेर काढले जाणे त्यापासून फार दूर नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पंधरा दिवस एका वहीत नोंद ठेवा : कोणता तास होता, लगेच आधी काय घडले, त्याने काय केले आणि त्यानंतर आपण काय केले. अंदाज खरा की खोटा, ते त्या नोंदीच सांगतील आणि मुख्याध्यापकांपुढे ठेवायलाही त्या उपयोगी पडतील. एखाद्या मधल्या सुट्टीत त्याला एकट्याला जवळ बसवून तिसरीच्या पुस्तकातला उतारा वाचायला द्या. तो ओळ गाळतो का, जोडाक्षराशी थांबतो का, पहिले अक्षर पाहून शब्द ठोकून देतो का, पुस्तक डोळ्यांजवळ नेतो का, एवढेच शांतपणे पाहा. दृष्टी आणि श्रवण आधी तपासून घ्यावे. त्यात दोष नसेल आणि अडचण टिकून राहिली, तर अध्ययन अक्षमतेच्या, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातल्या मूळच्या अडचणीच्या, तपासणीसाठी जिल्हा शासकीय रुग्णालयात चौकशी करावी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे. तोवर त्याच्या दोन ओळी आदल्या दिवशीच ठरवून द्या, म्हणजे तो घरून तयारी करून येईल.

ज्याच्या पाठीत पेन्सिल टोचली, त्या मुलालाही विसरू नका. 'माफी माग' असे वदवून घेण्यापेक्षा सांडलेली कंपासपेटी दोघांनी मिळून भरावी, हे मला अधिक खरे वाटते.

मात्र वाचनाची अडचण दिवाळीत सुरू होत नाही. बदल अचानक झाला असेल, तर सुट्टीत घरी काही घडले का, हे समजून घ्यायला हवे. त्यासाठी आधी आईला किंवा आजीला भेटा, आणि तक्रारीने नव्हे, तर त्याच्याविषयीच्या एखाद्या चांगल्या गोष्टीने सुरुवात करा. अंगावर वळ दिसले किंवा मारहाणीविषयी तो स्वतः काही बोलला, तर ते गुपित ठेवण्याचे वचन देऊ नका. मुख्याध्यापकांना सांगून 1098 या बालमदत क्रमांकावर कळवा. मनाच्या आरोग्याविषयी बोलण्यासाठी 14416 ही टेलि-मानसची विनामूल्य सेवा रात्रंदिवस चालू असते. ती त्याच्या आईसाठी आहे, तशीच तुमच्यासाठीही आहे.