डोळे चांगले आहेत, मग दिसत का नाही?

"डॉक्टर म्हंतेत डोये चांगले हायेत. मंग माह्यं पोरगं माह्याकडं पायत काहून नाही?" यवतमाळकडच्या खेड्यांतून माझ्याकडे येणाऱ्या आया हेच विचारतात, शब्द तेवढे वेगळे.

त्यातली एक सांगते. लेकरू दीड वर्षाचं. जन्मल्यावर उशिरा रडलं, मग झटके आले. नागपूरला व्हीईपी, म्हणजे डोळ्यांपुढचं मेंदूपर्यंत पोचतं का ते बघणारी तपासणी करायला सांगितली, तर सासू अडून बसलेली: "डोक्याले वायरी लावून करंट देतेत."

करंट देत नाहीत, हे आधी दोघींना समजावलं. डोक्याच्या मागच्या बाजूला पेस्ट लावून तारा चिकटवतात, डोळ्यांपुढे प्रकाश चमकवतात आणि मेंदूत उठणारी विजेची बारीक लहर नोंदवतात. मोठ्यांना काळ्या-पांढऱ्या चौकटी दाखवल्या तर ती साधारण 100 मिलिसेकंदांत येते. जन्मताना प्राणवायू कमी पडला तर डोळा शाबूत राहूनही पाहणारा मेंदू दुखावू शकतो.

रिपोर्ट आला. लहर होती, पण लहान आणि उशिरा.

"आंधयं हाय का डोयस, एकच सांगा जी."

मी उत्तर दिलं नाही. रिपोर्ट मिटवून विचारलं, "तो कशाकडे वळतो?"

ती बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाली, "कापूस वेचाले जातो तवा निंबाले झोका बांधतो. माह्या कंबरेची पिवयी ओटी हालली का मान फिरवते. लगेच नाही, जरा थांबून. घरचे म्हंतेत, तुले भास होते."

भास नव्हता. हलणारी वस्तू, भडक रंग, थांबून वळणं, अशा मुलांत हे बऱ्याचदा दिसतं. लहरीचा उशीर आणि हे थांबणं एकच, असं मी म्हणणार नाही. पण मेंदूपर्यंत काहीतरी पोचतंय, एवढं दोन्हीकडून कळत होतं. आईचं पाहणं हा पहिला पुरावा, हे मी इतक्या वर्षांच्या कामातून शिकले आहे आणि त्यावर ठाम आहे.

तिला सांगितलं: लहर आहे म्हणजे चेहरा ओळखतोच असं नाही, आणि लहर सपाट आली तरी दिसत नाहीच असंही नाही. झटक्यांची गोळी चुकवू नका. एका वेळी एकच वस्तू, मागे साधा काळा कपडा, आवाज कमी, लेकराचं पोट भरलेलं. हलवा आणि थांबा. वय लहान आहे, उद्यावर टाकू नका.

"म्हंजे मी येडी नवती," ती म्हणाली आणि रडली.

पुढच्या भेटीला सासूही सोबत आली. बसायच्या आधीच तिनं विचारलं, "आता लाल फडकं घेऊ का पिवयंच राहू देऊ?"