एकाच जहाजावर लागोपाठ दोन क्रूझ, पण केबिन वेगळ्या: मधल्या दिवशी सामानाचं काय होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलहून सात-सात रात्रींच्या दोन क्रूझ जोडून घेतल्यात, जहाज तेच, पण दुसऱ्या आठवड्यासाठी केबिन वेगळी आली आहे. सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील. मग मधल्या दिवशी सगळं बांधून उतरायचं, बॅगा ओढत रांगा लावायच्या आणि पुन्हा चढायचं का?

उतरायचं आहे, पण मोकळ्या हातांनी. बॅगा जहाजावरच राहतात आणि कर्मचारी त्या नव्या केबिनमध्ये नेऊन ठेवतात. या सगळ्यात अवघड म्हणाल तर सामान नाहीच. जुनी केबिन सुटते आणि नवी हातात येते, त्या मधले चार-साडेचार तास आहेत. तयारी त्या तासांची करा.

मी हे दोन वर्षांपूर्वी केलंय, याच बंदरातून. मी न्यू जर्सीत राहते, आई-बाबा सांगलीहून आले होते. पहिल्या आठवड्यात सेंट थॉमस, सेंट मार्टिन वगैरे पूर्वेकडची बेटं, दुसऱ्यात कोझुमेल, जमैका, ग्रँड केमन. तिथली बरीच जहाजं अशी एक आठवडा पूर्वेला, एक आठवडा पश्चिमेला फिरतात, म्हणून तर जोडून घेण्यात मजा आहे. पहिली केबिन आठव्या डेकवर मधोमध होती. दुसरी सहाव्यावर, पार पुढच्या टोकाला. चूक माझीच. दुसरी क्रूझ मी उशिरा घेतली, तीही ‘केबिन कंपनी देईल ती’ या स्वस्त दरात. हा दर घेतला की लागोपाठ एकच केबिन मिळणं निव्वळ नशिबावर असतं.

तुमच्या हातात अजून वेळ असेल तर आधी एक फोन करा. तुमची पहिली केबिन दुसऱ्या आठवड्यात रिकामी आहे का, एवढंच विचारा. आज नसेल तर सुटायच्या तीन महिने आधीच्या सुमाराला पुन्हा विचारा, कारण पूर्ण पैसे भरायची मुदत साधारण तेव्हा संपते आणि रद्द करणारे तेव्हा रद्द करतात. तीच नाही मिळाली तरी त्याच डेकवरची, जहाजाच्या मधल्या भागातली मागा. पुढच्या टोकाला लाटा जास्त जाणवतात, हे आईने दुसऱ्या आठवड्यात मला दिवसातून दोनदा ऐकवलं. आणि हो, बोली लावून वरच्या दर्जाची केबिन मिळवायच्या ज्या ईमेल येतात, त्यांच्या नादी लागू नका. एका आठवड्याची बोली लागली तर जुळून आलेल्या केबिनही पुन्हा वेगळ्या होतील.

आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगते. क्रूझ संपायच्या एक-दोन दिवस आधी केबिनमध्ये एक पत्र येतं: किती वाजता केबिन सोडायची, किती वाजता कुठल्या लाउंजमध्ये जमायचं. आमच्या पत्रात केबिनसाठी साडेआठ आणि लाउंजसाठी सव्वानऊ होतं. पत्र नाही आलं तर गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन आपण ‘बॅक टू बॅक’ आहोत असं सांगायचं. जहाजावर आपल्यासारख्यांना हेच नाव आहे. आमच्या वेळी साठ-सत्तर जण होते, बहुतेक फ्लोरिडातले निवृत्त लोक. त्यातले काही तर चौथा आठवडा करत होते.

कपड्यांची गोष्ट सगळ्यात सोपी. हँगरवरचे कपडे हँगरवरच राहू द्यायचे. केबिन स्टुअर्ड (केबिनची आवराआवर करणारा कर्मचारी) चाकांचा उंच रॅक घेऊन येतो आणि जसेच्या तसे उचलून नव्या केबिनच्या कपाटात लावतो. कप्प्यांतलं, बाथरूममधलं तेवढं बॅगेत टाकायचं. आमचा स्टुअर्ड सावंतवाडीचा निघाला. या जहाजांवर गोव्या-कोकणातली पुष्कळ मुलं असतात, तुम्हालाही कुणी भेटेलच. पहाटेपासून साड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत बसलेल्या आईला तो म्हणाला, “काकी, तुमी नुसत्या बसान रवा. हँगरवरचा सगळा मी नेतंय.” आणि खरंच, थोड्या वेळाने त्या लांबलचक कॉरिडॉरमधून आमचा रॅक निघाला: पुढे आईच्या तीन इरकली, मागे बाबांचे दोन सदरे, शेवटी माझा पोहण्याचा ड्रेस, आणि चाकांच्या हिसक्यासरशी सगळं एका लयीत हलतंय. बाबा म्हणाले, “पालखी निघाली बघ.”

त्याला तिथल्या तिथे वीस डॉलर दिले. रोजची टिप बिलात लागतेच, पण नव्या केबिनला स्टुअर्ड वेगळा असतो आणि हा जुना नंतर भेटेलच असं नाही. द्यायचं असेल ते केबिन सोडताना द्या.

आमचा घोळ झाला तो आदल्या रात्री. क्रूझच्या शेवटच्या रात्री बाकीचे प्रवासी रंगीत टॅग लावून बॅगा दाराबाहेर ठेवतात. त्या रातोरात खाली जातात आणि सकाळी टर्मिनलमध्ये मिळतात. आमच्या बॅगांना स्टुअर्डने नव्या केबिनचा नंबर लिहिलेले वेगळे टॅग आणून दिले होते आणि बजावलं होतं की बॅगा आतच ठेवा, सकाळी मीच नेईन. मी झोपले. बाबा रात्री पाणी आणायला बाहेर गेले, तर कॉरिडॉरभर दारोदार बॅगा. सगळ्यांनी ठेवल्यात आणि आपणच मागे राहिलो, या विचाराने त्यांनी स्वतःची निळी बॅग, टॅग न लावताच, बाहेर सरकवली. सकाळी ती जागेवर नव्हती. त्यात काय होतं? हँगरवरचे दोन सदरे सोडून बाबांचे सगळे कपडे आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा पुढच्या आठवड्याचा डबा.

बॅग मिळाली. इमिग्रेशनसाठी उतरलो तेव्हा खाली टर्मिनलमध्ये, टॅग नसलेल्या सामानाच्या कोपऱ्यात एकटी उभी होती. बरोबरच्या कर्मचाऱ्याने ती आमच्यासोबत परत वर आणू दिली, पण आधी कस्टम्स आणि मग चढताना एक्स-रे, असे सोपस्कार झाले आणि आमच्यासाठी साठ-सत्तर माणसं ताटकळली. म्हणून सांगते, त्या रात्री वडीलधाऱ्यांना दोनदा बजावा: बाहेर काही ठेवायचं नाही.

स्वतःजवळ एक छोटी पिशवी ठेवा आणि ती सकाळपासून खांद्यावरून उतरवू नका. त्यात दोन्ही आठवड्यांची औषधं, पासपोर्ट, पैसे, दागिने, चष्मे, चार्जर, एक स्वेटर (लाउंजमध्ये एसी बेक्कार असतो) आणि पोहायला जायचं असेल तर ते कपडे. सेफ स्वतः रिकामा करून दार उघडं ठेवा. इन्सुलिन असेल तर छोटा फ्रिज शेवटी पुन्हा उघडून बघा. आणि भिंतींकडे नजर टाका. केबिनच्या भिंती पोलादी असतात, त्यामुळे चुंबकाचे हुक चिकटतात. आपण ते हौसेने नेतो आणि नेमके तिथेच विसरतो. बाथरूममधल्या ओढायच्या दोरीवर वाळत घातलेला पंचाही असाच मागे राहतो. आईचा चांदीचा बाळकृष्ण दिव्याखालच्या खणात होता. तो मात्र तिने पहिल्यांदा उचलला.

आता उतरण्याबद्दल. अमेरिकेच्या बंदरात जहाज एकदा पूर्ण रिकामं झाल्याची नोंद व्हावी लागते, त्यामुळे प्रवासी म्हणून कुणालाही आत बसून राहता येत नाही. बाकीचे प्रवासी गेले की कर्मचारी आपल्याला एका रांगेतून खाली नेतो, इमिग्रेशनवाले पासपोर्ट आणि फोटो बघतात, आणि टर्मिनलमध्येच थोडा वेळ बसवतात. जहाज ‘झिरो’ झाल्याचा निरोप आला की परत वर. नव्या प्रवाशांच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर असल्यामुळे त्यांना दोन-चार मिनिटं जास्त लागली, एवढंच. चालायचा त्रास असेल तर आदल्या दिवशीच व्हीलचेअर सांगून ठेवा. गँगवेचा (जहाजातून धक्क्यावर उतरायच्या पुलाचा) उतार आणि टर्मिनलमधलं अंतर धरलं तर वयस्कर माणसांना ते बरंच पडतं. युरोपात हे सगळीकडे असं नसतं. तिथे बऱ्याच बंदरांवर जहाजातच राहू देतात, तेव्हा तिथला अनुभव सांगणाऱ्यांवर विसंबून राहू नका.

आम्ही पावणेअकराला परत वर होतो. नवी केबिन मिळाली एक वाजून गेल्यावर. हे दोन तास कुठे काढायचे ते आधी ठरवा, नाहीतर आई-वडील लिफ्टसमोरच्या खुर्च्यांवर बसून राहतील. खरं तर हा वेळ फार छान असतो. तीन-चार हजार माणसांचं जहाज आणि वर सत्तर जण! पूल मोकळा, गरम पाण्याचा टब मोकळा, आईस्क्रीमला रांग नाही. खालच्या डेकवर मात्र चादरींचे ढीग आणि व्हॅक्यूमची घरघर, तिकडे फिरकू नका. आम्ही काचेच्या छपराखाली आरामखुर्च्या धरल्या. आईने पिशवीतला चिवडा काढला आणि फ्लोरिडाच्या धक्क्यावर क्रेन बघत बघत संपवला.

कागदोपत्री या दोन वेगळ्या क्रूझ आहेत, हे मात्र सतत ध्यानात ठेवा. पहिलीचं बिल त्या सकाळी बंद होतं आणि नव्या कार्डावर (केबिनची किल्लीही तेच) नवं खातं सुरू होतं. जहाजावर खर्चायला मिळालेलं क्रेडिट शिल्लक असेल आणि ते रोख परत मिळणारं नसेल, तर आदल्या रात्रीपर्यंत संपवा. आमचे बेचाळीस डॉलर उरले होते, बाबांनी त्याची टोपी घेतली आणि ती अजून घातलेली नाही. वायफायचं पॅकेजही क्रूझनिहाय असतं, त्यामुळे सकाळी नेट अचानक जातं. मुलांना फोन करायचे असतील तर बंदरावरच्या सिग्नलवर उरकून घ्या. जेवणाचं पथ्यही पुन्हा सांगावं लागतं. पहिल्या आठवड्यात हेड वेटरने आईला रोज वेगळी डाळ, कांदा-लसूण नसलेली भाजी करून दिली. दुसऱ्या आठवड्याच्या पहिल्या रात्री समोर चीज घातलेला पास्ता आला, कारण नव्या बुकिंगवर ती नोंदच नव्हती. टेबल आणि जेवणाची वेळही बदलू शकते. तोच वेटर हवा असेल तर मधल्या दिवशी दुपारी रेस्टॉरंटच्या दाराशी जाऊन सांगा. सहसा करून देतात.

सुरक्षेची कवायतही पुन्हा करायची. कंटाळा येतो, पण आठवड्यापूर्वीच केली म्हणून सवलत मिळत नाही. 2012 साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडालं, तेव्हा त्या दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाले. केबिन बदलणाऱ्यांसाठी तर यात खरी गोम आहे. आणीबाणीत कुठे जमायचं ते ठिकाण बऱ्याच जहाजांवर केबिननुसार ठरतं. आमचं डाव्या बाजूचं ठिकाण बदलून उजव्या बाजूला, पुढे गेलं होतं. नव्या कार्डावर ते छापलेलं असतं. आई-वडिलांना एकदा तिथे चालत नेऊन दाखवा.

जाता जाता एक, तुमच्या बुकिंगला लागू नसलं तरी. पुढे कधी अलास्काचा विचार केलात तर ‘सिएटल ते व्हँकुव्हर’ (म्हणजे कॅनडात) आणि मग त्याच जहाजावर ‘व्हँकुव्हर ते व्हिटियर’ (हे अलास्कातलं बंदर) अशी जोडणी करू नका. अमेरिकेचा 1886 सालचा एक कायदा परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, जहाजाला दोन वेगळ्या अमेरिकी बंदरांमध्ये प्रवासी नेऊ देत नाही. मध्ये एखादं ‘दूरचं’ परदेशी बंदर लागलं तर चालतं, पण व्हँकुव्हर त्या व्याख्येत बसत नाही. बुकिंग दोन असली तरी कायद्याच्या लेखी तो एकच प्रवास होतो. फोर्ट लॉडरडेलहून निघून तिथेच परत येणाऱ्या तुमच्या दोन फेऱ्यांना ही अडचण नाही.

आणि नव्या केबिनच्या दाराचा फोटो काढून आई-वडिलांच्या फोनमध्ये टाका. कॉरिडॉर सगळे सारखेच दिसतात आणि आठवडाभराची सवय पायांना असते. त्या रात्री जेवून बाबा आमच्या पुढे निघाले ते थेट आठव्या डेकवर, जुन्या दाराशी. कार्ड लावलं, लाल दिवा. परत लावलं, परत लाल. चौथ्यांदा दार आतून उघडलं आणि रात्रीच्या कपड्यातला एक धिप्पाड अमेरिकन समोर उभा. बाबांनी हात जोडले आणि म्हणाले, “सॉरी, टिल मॉर्निंग माय रूम.” तो हसला आणि त्याने आतून दोन चुंबकाचे हुक आणून बाबांच्या हातावर ठेवले.